श्वासाची हजेरी

गुरुवार, १८ जानेवारी १९७९

ही वही शाळेच्या हजेरीची आहे. निवृत्त झालो तेव्हा कोरी उरली होती, ती पिशवीत घालून आणली. चोरीच म्हणा. अकरा वर्षं ट्रंकेत पडून होती. आज काढली, कारण मला कुणावर तरी ओरडायचं आहे आणि संत तुकाराम नगरातल्या या घराला खोल्या दोनच. एकीत ओरडलं की दुसरीत सून भांडी आदळते.

काल कंपनीच्या डॉक्टरानं ज्योतीरामला तपासलं. ज्योतीराम माझा मुलगा. गाड्यांच्या सीटांचा फोम करणाऱ्या कंपनीत पाच वर्षं आहे. त्याच्या खात्यात दोन ड्रमांतली दोन औषधं एकत्र ओततात, मग ते दुधासारखं उतू येतं, फुगतं आणि गादी होते. फुगताना जी वाफ निघते ती माणसांच्या छातीत जाते. दोन वर्षं झाली, त्याला धाप लागते. त्यानं अर्ज केला की मला दुसऱ्या खात्यात घाला, पगार आहे तोच ठेवा. डॉक्टरानं नळी लावली आणि विचारलं, "घरी कुणाला दमा?"

"नाही," ज्योतीराम म्हणाला.

"नीट आठवा. दमा खानदानी असतो. घरातच असेल तर कंपनी काय करणार?"

खानदानी! जसं काही आम्ही जहागिरी भोगून बसलोय.

आता खरं लिहितो, ही वही कुणी वाचत नाही. मला दमा आहे, बाराव्या वर्षापासून. माझ्या वडिलांना होता. ते भिंतीला पाठ लावून बसूनच झोपायचे, आणि आम्हां पोरांना वाटायचं की सगळ्यांचे वडील बसूनच झोपतात. ज्योतीरामचा नोकरीचा फॉर्म मी भरला होता. अख्खी गल्ली माझ्याकडून फॉर्म भरून घेते, अक्षरासाठी. 'घरात कोणास क्षय, दमा, अपस्मार आहे काय?' असा रकाना होता. मी लिहिलं, 'नाही'. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या आणि टाक उचलून 'नाही' लिहिलं. त्यातल्या 'ही'ची वेलांटी काय सुरेख आली होती, अजून डोळ्यांपुढे आहे.

शनिवार, २० जानेवारी

संध्याकाळी फारूक आला. दापोडीचा आहे, कंपनीत मशीन दुरुस्तीला असतो आणि युनियनचं काम बघतो. माणूस चांगला, पण बोलताना मांडीवर थापा मारतो, त्याही माझ्या मांडीवर.

म्हणाला, "मास्तर, तुमचा फॉर्म म्हणजे आपला हुकमाचा पत्ता. घरात दमा नाही, कंपनीच्या कागदावर आहे. मग हा आला कुठून? फोम खात्यातून! सीधी बात. एकदा ज्योतीरामचं मान्य झालं की त्या खात्यातल्या आठ जणांचं मान्य होतं."

"अरे, पण मला दमा आहे."

"कुणाला आहे?" तो हसला. "मंगळवारी कंपनीचा माणूस घर बघायला येणार आहे. तुम्ही दिसायचं नाही, आणि आवाज तर अजिबात नाही. आठवडाभर लेकीकडं खेडला जाता का?"

मी म्हटलं, "हे घर माझ्या फंडाच्या पैशातून घेतलंय. मी कुठेही जाणार नाही."

ज्योतीराम खाली बघत म्हणाला, "अण्णा, एक दिवसाचा प्रश्न आहे."

एक दिवसाचा! ज्या माणसाच्या आवाजानं मावळातल्या चार वाड्या सकाळी जाग्या व्हायच्या, त्यानं स्वतःच्या घरात आवाज करायचा नाही. डोंगराखालची ती शाळा आठवली. वाऱ्याला गवताचा वास होता, पोरं ओळीनं उभी राहून श्लोक म्हणायची आणि कौलांवरचे पारवे उडायचे. तिथे माझ्या दम्याला कुणी खानदानी म्हटलं नाही. मास्तरांची छाती भरून आली, की पोरं आपणहून पुढचा श्लोक धरायची.

मंगळवार, २३ जानेवारी

मी मोरीत उभा होतो. हो, मोरीत! वय एकोणसत्तर, आणि हंड्याच्या आड, तोंडात पंचाचा बोळा धरून.

कंपनीचा माणूस पावणेअकराला आला. कौशल्या, म्हणजे आमची सून, डोक्यानं तल्लख. तिनं लगेच स्टोव्ह पेटवला आणि पंप मारत सुटली. त्या फरफरीत माझ्या छातीतली शिट्टी कुणाला ऐकू येणार?

"सासरे कुठं असतात?"

"खेडला, नणंदेकडं. तिकडची हवा मानवते त्यांना."

"म्हणजे इकडची मानवत नाही?"

"जावयाची मानवते," ती म्हणाली. तो माणूस हसला. मलाही हसू आलं आणि हसण्यातून खोकला आला, एकच, पण मोठा. त्याच क्षणी बाहेर कुमुद खोकली. सात वर्षांची नात, दुसरीत आहे. माझा खोकला झाकायला ती पाठोपाठ चांगली चार-पाच वेळा खोकली. काय प्रसंगावधान पोरीचं!

"काय गं, थंडी बाधली?" असं म्हणून त्यानं तिला लिमलेटची गोळी दिली आणि गेला.

मी बाहेर आलो आणि तिची पाठ थोपटली, "शाबास, अगदी वेळेवर खोकलीस." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. कौशल्यानं स्टोव्ह विझवला तो इतक्या जोरात की चावीच हातात आली.

गुरुवार, २५ जानेवारी

फारूक म्हणतो, फॉर्म आहे पण पुरावा अजून हवा. कामावर गेलं की छाती बिघडते आणि सुट्टीत सुधारते, असं दाखवता आलं पाहिजे. शहरातल्या मोठ्या इस्पितळात म्हणे श्वास मोजायची नळी असते. आपल्याकडे कुठली?

मला दुपारी सुचलं. शाळेत मी पोरांना भुजंगप्रयातातले श्लोक एका दमात म्हणायला लावायचो. लय संथ ठेवायची आणि श्वास न घेता किती चरण होतात ते बघायचं. धडधाकट पोरगा सात-आठ म्हणायचा. म्हणजे मोजायची नळी माझ्याकडे पन्नास वर्षं आहेच की!

ज्योतीरामला समोर उभा केला.

"अण्णा, मी काय चौथीत आहे का?"

"चौथीत असतास तर कान धरला असता. म्हण."

आज गुरुवार. आमच्या भागात गुरुवारी वीज बंद, त्यामुळे कारखान्यांना सुट्टी. त्याचे सहा चरण झाले. मग मी म्हटले, चार. वहीत दोघांची नावं घातली, जशी वर्गाची घालतो तशी. आता रोज कामावरून आल्यावर मोजणार.

बुधवार, ३१ जानेवारी

ज्योतीराम: शुक्रवारी पाच, शनिवारी पाच, रविवारी चार, सोमवारी चार, मंगळवारी तीन, आज तीन. तिसरा तर ओढूनताणून.

मी: चार, चार, चार, चार, चार, चार.

माझे चाळीस वर्षांत यापेक्षा फार कमीही झालेले नाहीत. बाप आणि मुलगा, तेच रक्त, तेच घर, तीच भाकरी. मग एक जागच्या जागी आणि दुसरा घसरणीवर, हे कसं? आता म्हणा खानदानी! त्या डॉक्टराला वर्गात उभं करून विचारलं पाहिजे.

रविवार, ४ फेब्रुवारी

शाळेत स्नेहसंमेलन आहे. मी कुमुदला माझ्या लहानपणच्या पुस्तकातली एक जुनी कविता बसवून देतोय. वृत्त शार्दूलविक्रीडित. दुसरीतल्या पोरीच्या तोंडी शार्दूलविक्रीडित! हेडमास्तरांची टोपी उडेल.

पण ही पोर यति पाळत नाही. एकोणीस अक्षरांचा चरण, बाराव्या अक्षरावर यति, तिथेच थांबायचं, तिथेच श्वास घ्यायचा. कवीनं श्वासाची जागा ठरवून दिलेली असते. ही सातव्यावरच थांबते! कधी पाचव्यावर. मी ताल धरून वीस वेळा म्हणून दाखवलं.

"बाराव्यावर, कुमुद! मध्ये श्वास घ्यायचा नाही!"

"येतो, अण्णा."

"येतो म्हणजे? आवरायचा. लक्ष नाही तुझं."

रडायला लागली. आजकालच्या पोरांना कसला धाक म्हणून नाही. कौशल्या आतून आली, पोरीला उचललं आणि काही न बोलता निघून गेली. या घरात मला कुणी काही बोलत नाही, नुसती भांडी बोलतात.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज सुट्टी आणि ज्योतीरामचे चारच चरण झाले. तीन आठवड्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी सहा होते, गेल्या गुरुवारी पाच. म्हणजे आता सुट्टीही पुरत नाही. गुरुवारी वर यायचा, तोही कमी कमी वर येतोय. काल तर दोनच म्हटले आणि म्हणाला, "पुरे, अण्णा." मी वहीत लिहिताना निब मोडलं.

चार म्हणजे माझ्याइतके. तो बत्तीसचा आणि मी एकोणसत्तरचा.

खिडकीतून हायवेकडची धुराडी दिसतात. मी इथे प्रथम आलो तेव्हा तिथे ज्वारी होती आणि वाऱ्यावर तिची सळसळ चालायची. आता ट्रक चालतात. मला ज्वारी नको, काही नको, त्या पोराचे दोन चरण परत द्या.

मंगळवार, २० फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

काल संमेलन होतं. ज्योतीराम रजा टाकून आला होता, बरोबर फारूकही. कुमुद फुलाफुलांचा परकर नेसून उभी राहिली. पहिला चरण छान म्हणाली, यति बरोबर बाराव्यावर. मी पहिल्या रांगेत ताल धरला होता. दुसऱ्या चरणाला आठव्यावर थांबली. मी खुणेनं सांगितलं, पुढे, पुढे! ती पुढे गेली. तिसऱ्याला पाचव्यावर थांबली आणि मी (हे लिहिलंच पाहिजे) सगळ्यांच्या देखत डोळे वटारले. तिनं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. आली ती शिट्टी. मी ती ओळखतो. माझ्या वडिलांच्या छातीतून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी तिच्याएवढाच होतो. ओठ निळे पडले आणि ती बाईंच्या टेबलाला धरून खाली बसली.

कौशल्या कुठून धावत आली कोण जाणे. पोरीला छातीशी धरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सहा महिन्यांत आदळलेली सगळी भांडी एकदम बोलायला लागली.

"सहा महिने झालेत, अण्णा! सहा महिने ती सकाळी उठून अशी बसते. त्या दिवशी कंपनीचा माणूस आला तेव्हा तुमच्यासाठी खोकली नव्हती ती!"

"मग मला का नाही—"

"तुम्हाला काय सांगायचं? 'लक्ष नाही' म्हणाला असता. हे म्हणाले, निकाल लागेपर्यंत विमा दवाखान्यात न्यायचं नाही, तिथं कागद होतो, कागद कंपनीत जातो. फारूकभाऊ म्हणाले, दोनच महिने कळ काढा. मी कळ काढली. पोरीनं का काढायची?"

सगळ्यांना ठाऊक होतं. फारूकला ठाऊक होतं! घरातला श्वास मोजणारा मी, आणि तिसरं नाव माझ्या वहीत नाही. इतका संताप आला की काय करावं सुचेना. ज्योतीरामवर ओरडलो, फारूकवर ओरडलो, शाळेच्या बाईंवर ओरडलो की खिडक्या बंद का ठेवल्या. खिडक्या उघड्याच होत्या.

मग रिक्षा थांबवली आणि थेट कामगार विमा दवाखान्यात गेलो.

तिथे डॉक्टरीणबाई होत्या, ताहेराबाई. तिशीच्या असतील. त्यांनी पोरीला इंजेक्शन दिलं, शांतपणे पेन काढलं आणि विचारलं, "घरात अजून कुणाला?"

ज्योतीराम म्हणाला, "मला आहे. पण माझं कंपनीतलं..." आणि थांबला. फॉर्म, फारूक, आठ जणं, सगळं त्याच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं.

मी म्हटलं, "मला. माझ्या वडिलांना. लिहा."

ज्योतीरामनं डोळे मिटले.

बाईंनी लिहिलं. मग मी वही काढली. त्यांनी आधी मला वेड्यातच काढलं असावं, पण पानं उलटता उलटता खुर्ची पुढे ओढली. "गुरुजी, ही कल्पना कुणाची?" मी सांगितलं, कवितेची. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "तुमच्या घरात छाती नाजूक असण्याचा कल आहे. तो तुमच्याकडून याच्याकडे आणि याच्याकडून हिच्याकडे आला, असं दिसतं. त्यात कुणाचा दोष नाही. पण कल असणं वेगळं आणि आजार वाढत जाणं वेगळं. तुमचा चाळीस वर्षं जागेवर राहिला. याचा दोन वर्षांत वाढला, आणि ही वही सांगतेय की आठवड्याच्या कोणत्या दिवशी वाढतो. तिथे राहिला तर सुट्टीनंही उतरायचा नाही."

"आणि तिथून निघाला तर?"

"लवकर निघाला तर बराच सुधारेल. पूर्वीसारखा होईल का, ते मी सांगू शकत नाही. हिची काळजी वेळेवर घेतली तर ही शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत पळेल."

त्यांनी कंपनीसाठी चिठ्ठी दिली की या कामगाराला फोम खात्यातून ताबडतोब हलवावं. खरं तेच लिहिलं, घरच्या कलासकट.

परत येताना ज्योतीराम एकच वाक्य बोलला, "अण्णा, फॉर्म भरताना खोटं लिहिलंत आणि आज खरं सांगितलंत. दोन्ही वेळेला मला नाही विचारलं."

कृतघ्न! मी पोरीला वाचवायला गेलो होतो.

शुक्रवार, २ मार्च

कंपनीच्या ऑफिसात मी, ज्योतीराम आणि फारूक. पलीकडे लेबर ऑफिसर. तरुण आहे, केसांना तेल नाही. ताहेराबाईंची चिठ्ठी त्याच्यापुढे होती आणि त्यानं तिच्यातलं एकच वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलं होतं, घरच्या कलाचं. लाल पेन्सिल! जन्मभर ती माझ्या हातात होती.

"चार पिढ्या, मास्तर," तो म्हणाला. "आता कंपनीचा काय संबंध?"

मी वही पुढे केली. त्यानं चाळली. "हे काय आहे?"

"श्वास."

"कवितेत?" शेजारचा कारकून फिसकन हसला.

मी उठून उभा राहिलो. "साहेब, वर्गात एखाद्या पोराची नजर कमजोर असली तर मास्तर त्याला पुढच्या बाकावर बसवतो. मागच्या बाकावर बसवून, याचे डोळे घरूनच असे होते, असं म्हणत नाही. याची छाती नाजूक आहे ना? मान्य. मग तिला तुमच्या ड्रमांपुढे उभी का ठेवलीत?"

फारूकनं माझ्या मांडीवर थाप मारली. त्या क्षणी मला तिचा राग आला नाही.

ऑफिसरनं कपाटातून एक फाईल काढली आणि कागद माझ्याकडे वळवला. "नजर कमजोर आहे हे कुणी लपवलं, मास्तर? अक्षर छान आहे. कुणाचं?"

मी खाली बसलो.

"माझं."

त्यानं कागद परत फाईलीत ठेवला. 

मग त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. खोटी माहिती देऊन नोकरी मिळवली म्हणून काढून टाकता येतं. पण कंपनी माणुसकी बघते. गोदामात हेल्परची जागा आहे, पगाराची श्रेणी खालची. त्यासाठी लिहून द्यायचं की आजार वंशपरंपरेचा आहे आणि कामाशी त्याचा संबंध नाही. मुलाची सही, बापाची सही.

बाहेर आल्यावर फारूक म्हणाला, "सही करू नका. ज्योती, तुझ्या सहीवर बाकीच्या आठ जणांचा निकाल आहे. आपण कोर्टात जाऊ."

"किती दिवस लागतील?" ज्योतीरामनं विचारलं.

"दोन वर्षं. तीन."

"आणि तोवर मी कुठं उभा राहू? ड्रमापुढंच ना?"

फारूकनं सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली आणि गेला.

गुरुवार, ८ मार्च

घरात रणकंदन. मी म्हणालो, सही करायची नाही. आजार घरचा असेल, पण वाढवला त्यांनी. 'संबंध नाही' हे धडधडीत खोटं आहे आणि मी खोट्यावर सही करणार नाही!

ज्योतीराम पाटावर बसून भाकरी खात होता. घास खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, मला श्वास पाहिजे. खरं कोण नि खोटं कोण, ते नंतर बघू."

"उद्या बाकीच्या आठांना काय तोंड दाखवशील?"

"तोंड दाखवायला जिवंत तर राहीन!" तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा दम संपला. वाक्य पुरं व्हायच्या आत संपला. मी मनात मोजलं. मोजायची सवय लागली आहे.

संध्याकाळी त्यानं सही केली. कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मग सही केली, पूर्ण नावानं.

फारूक मोठमोठ्यानं बोलतो, पण मशीन दुरुस्त करतो, ड्रमापुढे उभा राहत नाही. ऑफिसर नालायक. कंपनीचा डॉक्टर विकला गेलेला. माझाच तेवढा दोष नाही, असं आज दिवसभर मनात घोकतोय.

बुधवार, २८ मार्च

ज्योतीराम गोदामात गेल्याला पंधरा दिवस झाले. काल चार चरण झाले, आज पाच. सहा मात्र होत नाहीत. कुमुद औषधावर आहे, सकाळी आता बसत नाही, झोपते. तिला श्लोक म्हणायला सांगत नाही. तीही म्हणत नाही.

मंगळवार, १७ एप्रिल

आज ज्योतीराम डबा विसरला म्हणून द्यायला गेलो. गेटाबाहेर दहा-बारा म्हातारे उभे होते, इस्त्रीची धोतरं नेसून, डोक्याला फेटे बांधून. मला वाटलं, कुणाचं लग्न आहे की काय. पहारेकऱ्याला विचारलं.

"फोम खात्यात चार जागा निघाल्यात," तो म्हणाला. "नवा नियम आहे. पोराच्या नोकरीला बाप दाखवायचा. ऑफिसच्या लोखंडी जिन्यानं दोनदा वरखाली करायचं, मग डॉक्टर नळी लावतो. बापाची छाती साफ तर पोरगं आत. मागं म्हणे कुणीतरी फॉर्मात खोटं लिहिलं होतं."

मी भिंतीला धरून उभा राहिलो. खात्यात पंखा नाही बसवला, झाकण नाही केलं, तोंडाला फडकं नाही दिलं. म्हातारे चढवायला लागले!

"मास्तर?"

आबाजी होता, माझ्या शाळेजवळच्या वाडीतला. त्याच्या थोरल्याला मी शिकवलं होतं. आज धाकट्याला घेऊन आला होता. बोलता बोलताच त्याच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता.

"मास्तर, तुमी शाळंत ती बारकी पांढरी गोळी खायाचा न्हवं? ती खाल्ल्यावर छाती कवा गप हुती?"

मी त्याला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं, ड्रम, वाफ, ज्योतीरामचं घसरणं, कुमुद. म्हटलं, "तुझी छाती अशी, म्हणजे तुझ्या पोराला तर तिथे अजिबात घालू नकोस. परत ने त्याला!"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. शांतपणे.

"व्हय," तो म्हणाला. "पर तुमचा हाय न्हवं अजून आत?"

"तो गोदामात आहे."

"मंग माझा बी जाईल गोदामात, म्हागनं. आदी आत तर जाऊ द्या."

पहारेकऱ्यानं नाव पुकारलं. आबाजीच्या आधी पाच जण होते. एकेकाला पाच-सहा मिनिटं.

"अर्धा तास लागतो," मी म्हटलं. "घ्यायची तर आत्ताच घे."

"हाय का तुमच्यापाशी?"

खिशातल्या पुडीत एक गोळी होती. मी दिली. त्यानं ती कोरडीच गिळली, बाकीचे बघतील म्हणून पाणी मागितलं नाही. मी पलीकडे निंबाखाली दगडावर बसलो. डबा मांडीवर. आबाजी कठड्याला हात न लावता दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. बारीक चणीचा माणूस, मान ताठ. नळी लागली. मग तो गेटाबाहेर आला तो हसतच.

"पास! सोमवारपास्नं ये म्हनले पोराला."

तो माझ्या पायांवर वाकला. मी पाय मागे ओढून घेतले आणि ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. पहारेकरी बघायला लागला. आबाजी वाकलेला तसाच वर बघत म्हणाला, "का वो रागावलाय, मास्तर? काय चुकलं माजं?"

पोरगं मागे उभं होतं. विशीचं, रुंद छातीचं. मी त्याला विचारलं, तुझा श्वास कसा आहे? तो लाजला आणि म्हणाला, "चांगला हाय की."

सोमवारपासून तो ज्योतीरामच्या ड्रमापुढे.